तणावरचा अर्क आणि वावराचा हिशेब



वखराच्या पाळ्या आटोपल्या. धुऱ्यावरचा काडीकचरा वेचून झाला. रोहिणी तोंडावर आहे आणि गावोगाव पारावर एकच हिशेब चालू आहे : बियाण्याला किती, खताला किती आणि निंदणाला किती? पहिल्या दोन गोष्टींचे भाव कृषी सेवा केंद्राच्या फलकावर वाचता येतात. तिसऱ्याचा अंदाज मात्र कोणीच छातीठोकपणे सांगत नाही. पाऊस झडीचा लागला, आठ दिवस वाफसा आला नाही, डवरा वावरात घालता आला नाही, की निंदणाचा खर्च पाहता पाहता दुप्पट होतो. तोवर सोयाबीन तणात दिसेनासे झालेले असते.

अशा वेळी माणूस सोपा उपाय शोधतो, आणि सोपा उपाय विकणारेही त्याच वेळी गावात येतात. घाटाखालच्या एका वाचकाने आमच्याकडे एक बाटली आणली होती. वर हिरवे पान छापलेले, खाली ‘शंभर टक्के वनस्पती अर्क, तणाचे बी उगवूच देत नाही’ अशी ग्वाही. नोंदणी क्रमांक नाही, बिल नाही. त्यांचा प्रश्न साधा होता. ‘‘भाऊ, पेरनीच्या वक्ताला हे मारलं. तन तं उगवलंच, पन सोयाबीनबी विरळ झालं. आता दोष कोनाचा?’’

आम्ही त्यांना तीन गोष्टी विचारल्या. बियाण्याची उगवण घरी तपासली होती का? नाही. एखादा तुकडा अर्क न मारता सोडला होता का? नाही. पेरणीनंतर पाऊस किती दिवसांनी आला? नक्की आठवत नाही. मग दोष बाटलीचा, बियाण्याचा की पावसाचा, हे ठरवायचे कसे? पुरावाच उरलेला नव्हता. त्या शेतकऱ्याने दुबार पेरणी केली आणि बाटलीवाला पुढच्या गावाला गेला.

हा प्रकार एकट्याचा नाही. म्हणून वनस्पतींच्या अर्काने तणाचे बी रोखता येते का, या प्रश्नाचा यंदा पेरणीआधीच नीट विचार करू. यात खरे काय, फुगवलेले काय आणि आपल्या जिल्ह्यात उपयोगी पडेल असे काय, ते पाहू.

मूळ गोष्ट खोटी नाही

झाड झाडाला रोखते, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. नीलगिरीखाली गवत धड वाढत नाही, हे सामाजिक वनीकरणाच्या काळात धुऱ्यावर नीलगिरी लावणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. तिची मुळे पाणी ओढतात हे एक कारण झालेच. पण तिच्या पानांतील तेलही लहान बियांची उगवण दाबते. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी नीलगिरीच्या तेलाचा गाजर गवताच्या बियांवर असा परिणाम प्रयोगात दाखवला आहे. एका वनस्पतीतून निघालेल्या द्रव्याने दुसऱ्या वनस्पतीवर परिणाम व्हावा, या प्रकाराला ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ साली शास्त्रीय नाव दिले. नाव नवे होते, गोष्ट जुनीच होती.

आपल्या जवळचे उदाहरण ज्वारीचे. ज्वारीच्या मुळांवरील बारीक केसांतून एक तेलकट द्रव्य सतत पाझरते. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये ते वेगळे काढून ओळखले आणि ज्वारीच्या शास्त्रीय नावावरूनच त्याला ‘सॉर्गोलिऑन’ म्हटले. बारीक बियांच्या तणांची रोपे या द्रव्याने खुरटतात. ज्वारीच्या धांड्यात आणि पानात याखेरीज आणखीही द्रव्ये असतात. ज्वारीच्या रानात पुढचे पीक कधी कधी सुरुवातीला पिवळे पडते आणि थबकते. धसकटे कुजताना नत्र ओढून घेतात हे त्याचे मोठे कारण, पण या द्रव्यांचाही त्यात वाटा असतो.

उलट गंमत टारफुल्याची. ज्वारीच्या मुळावर जगणारे हे तण. त्याचे बी मातीत वर्षानुवर्षे निपचित पडून राहते आणि मुळातून ठराविक द्रव्य पाझरले तरच उगवते. ते जागे करणारे द्रव्य शास्त्रज्ञांना १९६६ मध्ये प्रथम सापडले ते ज्वारीत नव्हे, कपाशीच्या मुळात! कपाशी टारफुल्याच्या बियांना जागे करते, पण पोसत नाही. उगवलेले रोप आधार न मिळाल्याने मरते. वऱ्हाडात कपाशी आणि ज्वारी आलटून पालटून घेण्याची जी जुनी रीत होती, तिला असाही एक फायदा होता. कपाशीच्या मुळाने तणाचे बी फसवले जात होते, आणि त्यासाठी कोणाला एक पैसाही मोजावा लागत नव्हता.

तेव्हा ‘झाडपाल्याने काय तण मरते?’ म्हणून कोणी हसत असेल तर तो चुकतो. पण झाडात गुण आहे म्हणून बाटलीतही तो आहे, असे मानणारा त्याहून जास्त चुकतो. का, ते हिशेबाने पाहू.

बशी आणि वावर

प्रयोगशाळेत काचेच्या बशीत ओला कागद ठेवतात, त्यावर पन्नास बिया मांडतात आणि अर्क ओततात. बी अर्कातच भिजलेले असते. तिथे माती नाही, जिवाणू नाहीत, ऊन नाही. अशा बशीत तरोटा, निंब, नीलगिरी, ज्वारी, एवढेच काय गाजर गवताचा अर्कसुद्धा बियांची उगवण कमी करतो. त्यात खोटे काही नाही.

आता वावरात या. एका एकराची वरची दोन इंच माती घेतली तरी तिचे वजन अडीचशे टनांच्या घरात जाते. तणाचे बारीक बी उगवते ते याच थरातून. आपण फवारणार एकरी दोनशे लिटर पाणी. ते दोनशे लिटर एकरभर सारखे पसरले तर त्याचा थर केसाएवढाही जाड होत नाही. बशीतल्या बीसारखे या मातीतले बी अर्कात भिजवायचे म्हटले तर साठ हजार लिटरवर अर्क लागेल. एक किलो वाळक्या पाल्याला दहा लिटर पाणी धरले तर सहा टन पाला! तो आणायचा कोठून, कापायचा कोणी आणि भिजवायचा कशात?

शिवाय आपली काळी माती चिकण. ती अशी द्रव्ये स्वतःला चिकटवून धरते आणि मातीतले जिवाणू ती खाऊन टाकतात. जोराचा पाऊस झाला तर उरलेसुरले वाहून जाते. बशीत जे आठ दिवस टिकते, ते वावरात किती टिकेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

याचा अर्थ अर्क फवारून काहीच होत नाही, असाही नाही. पाकिस्तानातील फैसलाबादच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीच्या अर्कावर बरीच वर्षे काम केले. वाळलेली ज्वारी बारीक कापून दसपट पाण्यात चोवीस तास भिजवायची, गाळायची आणि ते पाणी उकळून विसावा हिस्सा उरेपर्यंत आटवायचे, अशी त्यांची रीत. हा आटवलेला अर्क गव्हाच्या उभ्या पिकात एक-दोनदा फवारल्यावर तणाचे वजन साधारण एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत घटल्याचे त्यांच्या प्रयोगांत दिसले. बरे आहे. पण नीट पाहा : तण निम्मे उरलेच. फवारणी उगवलेल्या तणावर होती, जमिनीतल्या बियांवर नव्हती. आणि विसाव्या हिश्शापर्यंत पाणी आटवायला जळण लागते, ते धरले तर अर्क फुकटचा राहत नाही. सगळे तण जाईल, निंदण लागणारच नाही, असे ते प्रयोग करणारेही म्हणत नाहीत. बाटलीवाला तेवढा म्हणतो.

दुसरे उदाहरण बॉटलब्रशचे. शहरातल्या बागांत लाल ब्रशासारखी फुले येणारे हे झाड आपण पाहतो. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९७७ मध्ये एका शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की या झाडाखाली तण फारसे उगवत नाही. त्याने तिथून द्रव्य वेगळे काढले. ते तण मारत होते, पण एकरी फार मोठ्या प्रमाणात लागत होते. मग कारखान्यात त्या द्रव्याची रचना बदलत बदलत अखेर २००१ मध्ये मक्याचे एक तणनाशक बाजारात आले. झाडाखालच्या निरीक्षणापासून दुकानापर्यंत चोवीस वर्षे गेली, आणि जे आले ते झाडाचा अर्क राहिले नव्हते, कारखान्यात घडवलेले रसायन होते. मोठमोठ्या प्रयोगशाळांना जे इतके अवघड गेले, ते एखादा बिननावाचा माणूस कुठल्या तरी शेडमध्ये सहा महिन्यांत करून दाखवतो, यावर आपण विश्वास ठेवावा काय?

अर्काला ओळख नसते

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. जे द्रव्य बी उगवू देत नाही, त्याला ‘हे तणाचे बी आणि हे मालकाचे बी’ अशी ओळख नसते. मोठे बी थोडे अधिक तग धरते, बारीक बी लवकर दबते, इतकाच फरक. सोयाबीनचे बी आधीच नाजूक. मळणीत आपटले, पोत्यांची थप्पी जास्त झाली, तरी त्याची उगवण घटते. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभरातून हजारो तक्रारी झाल्या, हे आपण विसरलेलो नाही. अशा बियाण्यावर पेरणीच्याच दिवशी उगवण दाबणारे पाणी ओतणे म्हणजे हाताने दुबार पेरणी ओढवून घेणे होय. मूग, तीळ, कांदा आणि मिरचीची रोपवाटिका येथे तर धोका आणखी मोठा.

आणि ‘वनस्पतीचे आहे म्हणजे बाधत नाही’ हा समजही सोडा. धोतरा वनस्पतीच आहे आणि कण्हेरही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ती कीटकनाशके होती, हे खरे. पण तोंडाला फडके नाही, अंगात सदरा नाही, वाऱ्याची दिशा पाहायची नाही, ही सवय तीच. पंपात काय आहे हे माहीत नसताना तो पाठीवर घेऊ नका, मग त्यावर हिरवे पान छापलेले असो की लाल त्रिकोण.

अर्क नेऊ नका, झाडच न्या

मग या गुणाचा उपयोग करायचाच नाही काय? जरूर करायचा. पण हिशेबानेच वाट दाखवली आहे. सहा टन पाल्याचा अर्क काढून वावरात नेणे परवडत नाही. परंतु झाड जिथे उभे असते, तिथे ते स्वतःच रोज अर्क काढते. पाऊस पानांवरून तो धुऊन खाली नेतो, मुळे तो मातीत सोडतात आणि गळलेला पाला कुजताना तो देतच राहतो. पंप नको, जळण नको. म्हणून अर्काऐवजी योग्य झाड योग्य जागी आणणे हाच खरा उपाय.

याचे चांगले उदाहरण गाजर गवत आणि तरोट्याचे. गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवतही म्हणतो, ते आपल्या देशात पुण्याला कचऱ्याच्या ढिगांवर दिसल्याची नोंद १९५५-५६ ची आहे. परदेशी गव्हाबरोबर ते आले असा सर्वसाधारण समज आहे. आज जिल्ह्यात असा रस्ता नाही, असे गावठाण नाही, जिथे ते नाही. एकेक झाड हजारो बिया टाकते. माणसाच्या अंगाला खाज, डोळ्यांना सूज, दम्याच्या रुग्णाला त्रास, आणि जनावर ते खात नाही. त्याच्या पानांतही असे द्रव्य आहे की शेजारचे गवत खुरटते. म्हणजे अर्काची ही विद्या तेही जाणते!

त्याला पुरून उरतो तो आपला तरोटा. पावसाळ्याच्या आरंभी ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी आपण खातो, तोच. कर्नाटकात धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. एम. महादेवप्पा यांनी तरोट्याच्या कुळातील झाडे वापरून गाजर गवत हटवण्याचा आग्रहाने प्रचार केला. या कुळातील झाडांच्या पाल्यातून झिरपणारी द्रव्ये गाजर गवताच्या बियांची उगवण दाबतात, असे प्रयोगांत दिसले आहे. अर्थात नुसत्या द्रव्याचे हे काम नव्हे. पहिल्या पावसाला तरोटा दाट उगवतो, जागा आणि ऊन अडवतो आणि गाजर गवताला वर डोके काढू देत नाही. दाटी आणि द्रव्य दोन्ही मिळून काम होते.

रीत सोपी आहे. दिवाळीच्या सुमारास तरोट्याच्या शेंगा वाळतात. फुटण्याआधी त्या गोळा कराव्यात, बी झोडून ठेवावे आणि मृगाच्या आधी गाजर गवताच्या जागी दाट फेकावे. यंदा बी साठवले नसेल तर एखाद्या लहान जागेपुरते मिळवून सुरुवात करा. बी टणक असते, सारे एकाच वर्षी उगवत नाही, म्हणून दोन वर्षे तरी फेकावे लागते. हिवाळ्यात तरोटा वाळला की गाजर गवताची मागाहून उगवलेली रोपे हातमोजे घालून उपटावीत, नाही तर आधीचे श्रम वाया जातील.

एक मात्र ध्यानात ठेवा. तरोटा हेही वावरातले तणच आहे. सोयाबीनमध्ये शिरला तर निंदणाला तोही त्रास देतो. म्हणून तो रस्त्याच्या कडेला, गावठाणात, पडीक जागेवर, ई-क्लासच्या जमिनीवर. पेरणीच्या वावरात नाही आणि वावराला लागलेल्या धुऱ्यावरही नाही.

तरोट्याच्या जोडीला मेक्सिकन भुंगा आहे. हा १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळूरला आणला गेला आणि चाचण्यांनंतर १९८४ पासून सोडला गेला. तो गाजर गवताची पाने खाऊन फस्त करतो. पावसाळ्यात तो जोमात असतो आणि कोरड्या दिवसांत जमिनीत दडून बसतो. तुमच्या गावात पट्टेरी भुंगे गाजर गवतावर दिसले तर त्या जागेवर तणनाशक मारू नका. शेजारच्या गावाला हवे असतील तर डब्यात भरून द्या.

मिठाच्या पाण्याचाही एक उपाय सांगितला जातो. शंभर लिटर पाण्यात पंधरा ते वीस किलो मीठ, पडीक जागेवरच्या गाजर गवतासाठी. पण शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागातील पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातील बंधूंना आमचे सांगणे आहे की या वाटेला जाऊ नका. आपल्या जमिनीत क्षाराची कमी नाही, त्यात पदरचे मीठ कशाला?

वावरातले तण : चार साध्या गोष्टी

पिकातल्या तणासाठीही हीच दृष्टी ठेवा. पहिली गोष्ट, पेरणीआधीचा फेर. पहिला चांगला पाऊस झाला की तणाचे बी उगवू द्या आणि मग वखराची एक उथळ पाळी देऊन पेरा. तणाचे बी मातीत मारणे अवघड, उगवलेले कोवळे रोप मारणे सोपे. पाऊस उशिरा आला असेल तर मात्र यासाठी पेरणी लांबवू नका.

दुसरी, ज्वारीला फेरपालटात पुन्हा जागा द्या. गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीन वाढले आणि ज्वारी मागे पडली. त्याच वावरात तेच पीक घेत राहिले की त्याच जातीचे तण माजते. कडबा जनावरांना लागतो, तो आच्छादनाला टाका असे आम्ही म्हणणार नाही. पण धसकटे आणि पाला पेटवू नका. तो ओळींमध्ये पसरला तर ऊन अडवेल, ओल धरेल आणि झिरपेल तितका अर्कही देईल. बारीक बियांचे पीक मात्र त्या ताज्या पाल्यावर लगेच घेऊ नका.

तिसरी, डवरणी वेळेवर. सोयाबीनचे पहिले तीस ते पंचेचाळीस दिवस तणमुक्त राहिले पाहिजेत. पंधरा-वीस दिवसांनी पहिली आणि तीस-पस्तीस दिवसांनी दुसरी डवरणी झाली की निम्मी लढाई जिंकली. झडीने ती साधली नाही तर शिफारशीचे तणनाशक लेबल वाचून, सांगितलेल्या मात्रेत वापरा. त्यात कमीपणा नाही.

चौथी, बी धरू देऊ नका. धुऱ्यावरचे आणि वावरातले तण फुलावर येण्याआधी उपटा व खड्ड्यात घाला. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नाडेप काका, म्हणजे पांढरीपांडे यांनी दिलेली खताची टाकी गावात कुठे ना कुठे उभी आहे. तिच्यात गाजर गवतही चालते, मात्र फुलोऱ्याच्या आधीचेच. फुललेले टाकले तर खताबरोबर आपण तणच वावरात पेरतो.

मिरची किंवा कांद्याची रोपवाटिका करणाऱ्यांसाठी ऊन हेच तणनाशक. उन्हाळ्यात वाफा भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरले तर खालचे बरेचसे बी उष्णतेने मरते. यंदा वेळ निघून गेली असेल, तर पुढच्या चैत्रात विसरू नका.

ज्याला अर्क करून पाहायचाच आहे त्याने

आम्ही कोणाचा उत्साह मोडू इच्छित नाही. जिज्ञासू शेतकरी हीच या जिल्ह्याची संपत्ती आहे. फक्त प्रयोग प्रयोगासारखा करा.

एक किलो वाळकी ज्वारीची पाने-धसकटे किंवा तरोट्याचा वाळका पाला बारीक कापा, दहा लिटर पाण्यात चोवीस तास सावलीत भिजवा आणि फडक्याने गाळा. त्याच दिवशी वापरा, नंतर ते आंबते. गाजर गवताचा अर्क करू नका, अंगाला बाधेल.

आधी आपले बियाणे तपासा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत सोयाबीनचे शंभर दाणे मांडा, गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. अशा दोन गुंडाळ्या करा. एकीवर साधे पाणी शिंपडा, दुसरीवर अर्क. सात-आठ दिवसांनी दोन्हींचे मोड मोजा. साध्या पाण्यावर सत्तरच्या खाली मोड आले तर दोष बियाण्याचा. साध्या पाण्यावर ऐंशी आणि अर्कावर पन्नास आले, तर तो अर्क पेरणीच्या वावरात नेऊ नका.

मग माती तपासा. दोन पसरट घमेल्यांत तणाळ वावराची वरची माती भरा. एकात पाणी, दुसऱ्यात अर्क. पंधरा दिवस किती रोपे उगवतात ते मोजून वहीत लिहा. इथे फरक दिसला तरच एका गुंठ्यात उतरा. गुंठ्याचे तीन तुकडे करा. एकावर अर्क, एकावर साधे पाणी, एकावर काहीच नाही. तुऱ्हाट्यांची एक मीटर चौरस चौकट करा, ती प्रत्येक तुकड्यात तीन जागी ठेवा आणि आतले तण दहाव्या, विसाव्या, तिसाव्या दिवशी मोजा. साध्या पाण्याचा तुकडा ज्याने ठेवला नाही, त्याला अर्काने काय केले हे कधीच कळणार नाही. आमच्या त्या वाचकाचे नेमके तेच झाले.

बाटली विकत घ्यायची असेल तर हे लक्षात घ्या. तणनाशक हे कीटकनाशक कायदा, १९६८ च्या कक्षेत येते. लेबलवर नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, कोणत्या पिकाला किती मात्रा आणि विषारीपणाचा रंगीत त्रिकोण असायलाच हवा. ‘हर्बल’, ‘सेंद्रिय’, ‘आयुर्वेदिक’ असे शब्द म्हणजे नोंदणी नव्हे. पक्के बिल घ्या, रिकामी बाटली आणि थोडे औषध पेरणीनंतर महिनाभर जपून ठेवा. शंका आल्यास पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. तोंडी तक्रारीला पुरावा नसतो.

गावकारभाऱ्यांना दोन शब्द

ज्यांना आपण अजून कृषी सहायकच म्हणतो त्या सहायक कृषी अधिकाऱ्यांनी गावातल्या एका तरी शेतकऱ्याच्या गुंठ्यात वर सांगितलेली तीन तुकड्यांची चाचणी उभी करावी आणि तिचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. बुलढाणा आणि जळगाव जामोद येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, अकोल्याला १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. बाटलीवाला गावात आला की आधी तिथे विचारण्याची सवय लागली पाहिजे.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी आणि स्मशानभूमी या चार जागा यंदा गाजर गवतमुक्त करण्याचा ठराव घ्यावा. १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह देशभर पाळला जातो. पण त्या वेळी झाड फुलावर आलेले असते. फोटोपुरते उपटण्यापेक्षा जुलैतच फुलाआधी उपटा आणि मे महिन्यात तरोटा फेका. शाळेच्या पोरांच्या उघड्या हातांनी मात्र हे काम करून घेऊ नका.

आणि निंदणाच्या मजुरीकडे नुसता खर्च म्हणून पाहू नका. भूमिहीन घरातल्या बाईची वर्षाची लुगडी-चोळी आणि पोरांची वह्या-पुस्तके याच दोन महिन्यांच्या रोजावर येतात. वेळेवर डवरणी झाली तर निंदण हलके होते, मालकाला परवडते आणि बाईचा रोजही बुडत नाही. दोघांचेही पोट सांभाळणारा तो मार्ग आहे.

निसर्गात उपाय आहेत, यात शंका नाही. पण निसर्ग आपला उपाय बाटलीत भरून दारोदार विकत नाही. तो रस्त्याच्या कडेला तरोट्याच्या रूपात उभा आहे आणि वावरात ज्वारीच्या मुळाशी आहे. त्याला ओळखायचे, मोजायचे आणि मगच विश्वास ठेवायचा. पेरणीला अजून अवकाश आहे. आज संध्याकाळी दोन गोणपाट भिजवा, शंभर-शंभर दाणे मांडा. आठ दिवसांनी जे मोड मोजाल ते कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरे बोलतील.